दिंडीची शेगडी
(शताब्दी सोहळ्यात पैठण मुक्कामी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला कीर्तन येत नाही, प्रवचन येत नाही. तीस वर्षं झाली, मी दिंडीची कोठी सांभाळतो. पीठ किती, तांदूळ किती, सिलिंडर किती, एवढंच माझं ज्ञान. शताब्दीत बोलायला सांगितलं तेव्हा म्हणलं, माझ्याकडं सांगायला आहे काय? तर विणेकरी बाबा म्हणाले, "तू शेगडीवर बोल. पुढं ही दिंडी लेकरं चालवणार आहेत, त्यांच्या कामाला येईल." म्हणून आज शेगडीवर बोलतो. हसू नका. उपाशी पोटी पखवाजही वाजत नाही.

आपण नाथांच्या गावची माणसं. श्रीखंड्या होऊन देवानं नाथांच्या घरी बारा वर्षं पाणी भरलं, ही कथा आपल्याला आईच्या मांडीवर मिळाली. तो रांजण आजही नाथांच्या वाड्यात आहे. देवाला नाथांघरी दुसरं मोठं काम मिळालं नसतं का? पण त्यानं घागर उचलली. पंगतीच्या मागचं काम देवानं आपलं मानलं. तेव्हा चुलीपाशी जो उभा आहे, जी बसली आहे, त्यांची काळजी घेणं हीसुद्धा वारीच आहे. एवढं मनात धरून पुढचं ऐका.

आमच्या आजोबांच्या वेळी तीन दगड मांडले की चूल झाली. जळण वाटेवर गोळा करायचं, गोवऱ्या गावकरी द्यायचे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथांची पालखी पैठणहून निघते, म्हणजे ऐन पावसाचे दिवस. ओली लाकडं, धूर, फुंकून फुंकून बायांचे डोळे लाल. नंतर पंपाचे स्टोव्ह आले. पिन मारा, पंप मारा, रॉकेलचा वास भाताला. मग गॅस आला, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. गॅस चांगलाच आहे. उघड्या चुलीत जळणाची बरीचशी धग वाऱ्यावर जाते. गॅसच्या घरगुती शेगडीला आयएसआय शिक्का मिळायचा तर शंभरातली निदान 68 भाग उष्णता भांड्याला लागावी, असा नियम आहे. पण गॅस आला म्हणून शहाणपण आपोआप आलं नाही. ते मला महागात शिकावं लागलं. तेच सांगतो.

2019 च्या वारीआधी दिंडीसाठी नवी भट्टी घ्यायची ठरली. माणसं दोनशेच्या घरात गेली होती. जुनी पुरेना. मी एकटा संभाजीनगरला गेलो. शहागंज, सिटी चौक, अर्धा दिवस फिरलो. एका ठिकाणी दुकानदारानं मोठ्या बर्नरची, कमरेएवढ्या उंचीची भट्टी पेटवून दाखवली. जाळ असा भणाणला, की माझे डोळे दिपले. म्हणलं, हीच. पाय बारीक होते, ते मी पाहिलं नाही. उंची कोणाच्या बेतानं आहे, ते विचारलं नाही. जाळ पाहिला आणि पैसे मोजले.

परांड्याच्या अलीकडचा मुक्काम. दुपारी पाऊस पडून गेलेला. आपली काळी जमीन, पाणी प्यायली की लोण्यासारखी होते. भट्टी मांडली, वर मोठं पातेलं चढवलं. हिशेब करा. वीस किलो तांदूळ, त्याला चाळीस-पन्नास लिटर पाणी, वर पातेल्याचं वजन. सत्तर-ऐंशी किलो ओझं त्या चार बारीक पायांवर. भात रटरटायला लागला आणि एक पाय हळूहळू मातीत गेला. कोणाच्या ध्यानात आलं नाही. पातेलं कललं. आक्का झारा घेऊन शेजारीच उभी होती. उकळतं पाणी तिच्या दोन्ही पायांवर आलं.

माउली, ज्या पायांनी बावीस वर्षं पंढरी गाठली होती, ते पाय. त्या वर्षी आक्का उरलेली वाट ट्रकमध्ये बसून आली. पंढरपुरात तिला दोघींनी धरून कळसाचं दर्शन घडवलं. एका शब्दानं ती मला बोलली नाही. त्या रात्री दिंडी शेंगदाणे-गूळ खाऊन झोपली, त्याचंही कोणी वाईट वाटून घेतलं नाही. पण मला झोप लागली नाही. कारण भट्टी मी निवडली होती, आणि तिच्यापाशी उभी राहणार होती आक्का. तिला मी विचारलंच नव्हतं.

पुढची दोन वर्षं, 2020 आणि 2021, साथीमुळं पायी वारी झाली नाही. पादुका बसनं गेल्या. भट्टी गोदामात पडून होती आणि मला विचार करायला वेळ मिळाला. 2022 ला वारी पुन्हा पायी निघणार म्हणल्यावर भट्टी बाहेर काढली, तर नळी उंदरांनी कुरतडलेली. म्हणलं, आता नव्यानंच घेऊ. पण या वेळी दुकानात एकटा गेलो नाही. आक्काला आणि स्वयंपाकातल्या आणखी दोघींना जीपमध्ये घातलं, आणि आपलं रोजचं पातेलं सोबत घेतलं.

दुकानदार आधी हसला. पण आक्कानं काय केलं ऐका. आधी पातेलं शेगडीवर ठेवलं आणि काठाला धरून हलवलं. डुगडुगलं, तर पुढची दाखवा. मग म्हणाली, पाणी आणा. अर्धं पातेलं भरलं आणि दोघींनी उचलून पाहिलं. कमरेएवढ्या शेगडीवरून भरलेलं पातेलं उतरवताना ते छातीशी येतं, हात लटपटतात. फूटभर उंचीच्या शेगडीवरून सरळ उचलता येतं. भाकरीला तर बसूनच थापायचं, तिथं बुटकीच शेगडी हवी. मी तीस वर्षं कोठी सांभाळतोय, पण हे मला त्या दिवशी दुकानात कळलं.

त्या दिवशी आम्ही एका मोठ्या भट्टीऐवजी एका बर्नरच्या दोन मध्यम, बुटक्या शेगड्या घेतल्या. खाली रुंद चौकोनी बैठक, लोखंडी अँगलची. बर्नर बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड बरं का, आपण चालत जातो तो जिल्हा नव्हे. बिडाचा बर्नर जड असतो, पण ट्रकमध्ये आदळआपट सोसतो आणि धग धरून ठेवतो. एवढं ध्यानात ठेवा, की तापलेल्या बिडावर गार पाणी सांडलं तर ते तडकू शकतं.

दोन का, तर एक बिघडली तरी दुसरीवर पंगत उठते. वीस किलोचं एक पातेलं चढवण्यापेक्षा दहा-दहाची दोन चढवली, तर दोन बाया उचलू शकतात, चार गडी शोधत बसावं लागत नाही. आणि शेगडीखाली मातीत काही रुतू नये म्हणून दोन जाड फळ्या आम्ही ट्रकमध्येच ठेवल्या. शेगडी फळीवर, फळी जमिनीवर. त्यावर पत्र्याचा तुकडा, म्हणजे धगीनं लाकूड जळत नाही. साधी गोष्ट आहे. ती 2019 ला केली असती तर आक्काचे पाय वाचले असते.

आता दाबाचं सांगतो, कारण दुकानात गेलात की तुम्हाला हा प्रश्न येणारच. घरची शेगडी कमी दाबावर चालते. तिचा रेग्युलेटर ठरलेल्या बेतानं गॅस सोडतो. भट्टी जास्त दाबावर चालते, तिच्या रेग्युलेटरला कमी-जास्त करायची चकती असते. कमी दाबाची ज्योत माळावरच्या वाऱ्यात लवकर विझते. जास्त दाबाची टिकते, पण गॅस जास्त खाते, आणि गळती झाली तर तीही जोरात होते. म्हणून जास्त दाबाच्या शेगडीला जास्त दाबाचीच नळी लावायची. घरची नळी काढून तिथं बसवायची नाही. रेग्युलेटर एकाचा, बर्नर दुसऱ्याचा, असा जुगाड करायचा नाही. ज्योत निळी हवी. पिवळी होऊन भांड्याचं बूड काळं करायला लागली, तर हवा कमी पडतेय किंवा छिद्रं तुंबलीत असं समजा.

वाऱ्याचं म्हणाल तर शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा. पण सिलिंडर त्या आडोशाच्या आत घेऊ नका. आडोशात धग कोंडते आणि सिलिंडर तापतो. तो बाहेर, सावलीला, नळी पुरेल तितका लांब, आणि उभाच. आडवा केला की गॅसऐवजी पातळ इंधन नळीत येतं आणि जाळ भडकतो. "संपत आलाय, आडवा करा," म्हणणारे शहाणे दर वारीत भेटतात. त्यांना हात जोडा आणि सिलिंडर उभा ठेवा.

सिलिंडर कोणता घ्यायचा? घरचा लाल 14.2 किलोचा सिलिंडर ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरच्या स्वयंपाकासाठी आहे. दिंडीसाठी 19 किलोचा घ्यावा. त्यात आणखी एक गुण आहे. गॅस आत पातळ रूपात असतो, त्याची वाफ होताना सिलिंडर गार पडतो. छोट्या सिलिंडरवर मोठी भट्टी लावली, की थोड्या वेळात बाहेरून दव धरतं, कधी बर्फासारखी साय येते, आणि ज्योत मंदावते. मग कोणी त्यावर उकळतं पाणी ओततं, कोणी खाली निखारे सरकवतं. हे कधीही करू नका. मोठ्या सिलिंडरला ही अडचण कमी येते. मंदावलाच तर तो बदलून दुसरा लावा. पहिला थोड्या वेळानं आपोआप ताळ्यावर येतो.

चहापाण्यासाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा. ओळखपत्र दाखवलं की कंपनीच्या वितरकाकडं मिळतो, काही पेट्रोल पंपांवरही मिळतो. मात्र बाजारात बिननावाचे, कुठंही भरून मिळणारे छोटे सिलिंडर असतात आणि त्यांच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला असतो. ते घेऊ नका. त्यात किती भरलं, कोणी भरलं, सिलिंडर तपासला का, काही कळत नाही. शिवाय डोक्यावर पातेलं ठेवलं की सगळं वरजड होतं, आणि धग थेट तोंडाशी लागते. आणि एक, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाला एकच रेग्युलेटर बसत नाही. छोट्याचा वेगळा असतो. पैठणलाच बसवून बघायचा, परांड्याच्या माळावर नव्हे.

आमची कॉलेजची पोरं दोन वर्षांपूर्वी एक गंमत घेऊन आली होती. तळहातावर मावेल असा बर्नर आणि पावडरच्या डब्याएवढा गॅसचा डबा. सह्याद्रीत गडकिल्ले चढणारी मंडळी तो पाठीवरच्या पिशवीत नेतात. मी बघितला, वस्तू चांगली आहे. दोघा-तिघांचा चहा झटक्यात होतो, ओझं नाही. पण डबा संपला की टाकून द्यायचा, आणि वर जड भांडं ठेवलं की कलंडतो. डोंगरावर दोघं जातात, त्यांना तो बरोबर आहे. दोनशेंच्या दिंडीला नाही. शेगडीत वाईट कोणती नसते. ती कुणाची भूक भागवणार आणि कोणत्या जमिनीवर बसणार, ते जुळलं पाहिजे.

सिलिंडर ताब्यात घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, तारीख. वरच्या कड्याला जोडलेल्या उभ्या पट्टीवर आतून एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे लिहिलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर. तोवर तो सिलिंडर वापरायचा, पुढं त्याची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेला परत करा. दुसरी, तोंडाच्या आतलं रबरी वायसर शाबूत आहे का. तिसरी, वजन. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. काट्यावर ठेवायचा, ते वजन वजा करायचं, राहिला तो गॅस. मी आता रोज सकाळी वजन वहीत लिहितो. पिठलं-भाताला किती गेला, भाकरीला किती गेला, कळतं. अंदाजानं सिलिंडर बांधायची गरज राहत नाही, आणि भिशीचे पैसे वाचतात.

नळीचं वय असतं. केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, त्याआधी चीर दिसली तर त्याच दिवशी. जोडणी झाली की साबणाचं पाणी लावून बघायचं. बुडबुडा आला तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारा माणूस दिंडीत नको, मग तो कितीही मोठा भजनी असो.

गॅस हवेपेक्षा जड असतो, ही गोष्ट पोरांना पाठ करायला लावा. तो वर उडून जात नाही, खाली बसतो. पालात, राहुटीत, खड्ड्यात साठतो. त्याला स्वतःचा वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून वास मुद्दाम मिसळतात. वास आला तर आधी सिलिंडर बंद करा, पालाच्या कनाती वर करा, बॅटरीचं बटणसुद्धा दाबू नका, माणसं बाहेर काढा. गळती आवरत नसेल तर 1906 हा फोन नंबर आहे, तो सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. ट्रकमध्ये सिलिंडर उभे, दोरानं बांधलेले, तोंडावर टोपी लावलेली. आणि सिलिंडरच्या ट्रकमध्ये कोणी झोपायचं नाही. पाऊस असला तरी नाही. आपल्या राहुट्या आहेत, जागा करून देऊ.

स्वयंपाकाच्या पालाशी ओलं गोणपाट, पाण्याच्या दोन बादल्या आणि पावडरचं अग्निशामक नळकांडं ठेवतो. पदर खोचलेला, अंगावर सुती कपडे. आणि कोणाला भाजलंच तर साधं गार पाणी, वीस मिनिटं, सतत. हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. आक्काच्या पायावर त्या रात्री कोणी काय काय लावलं, ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं काढताना तिनं जे सोसलं, ते मी पाहिलंय.

2016 नंतर उज्ज्वला योजनेतून गावोगाव गॅस पोचला. आता आपल्या बहुतेक बायांना घरची शेगडी सरावाची आहे. पण घरची शेगडी सरावाची म्हणून भट्टी सरावाची होत नाही. म्हणून निघायच्या आठ दिवस आधी आम्ही मठाच्या अंगणात दोन्ही शेगड्या पेटवतो, पूर्ण भात करतो आणि गावाला जेवायला बोलावतो. तो भात जेवायला तुम्ही सगळे येता, पण तो कशासाठी असतो हे आज कळलं असेल.

आता शेवटचं. हे बोलू का नको, चार दिवस विचार करत होतो. शताब्दीनिमित्त एका दात्यांनी दिंडीला तीन बर्नरची मोठी, उंच भट्टी देऊ केली आहे. ते इथं समोर बसले आहेत. त्यांच्या मनाचा मोठेपणा मला ठाऊक आहे. माझ्या हातून काही उणं बोललं जात असेल तर पायांवर डोकं ठेवून क्षमा मागतो. पण दादा, माझी एक विनंती ऐका. ती भट्टी घेण्याआधी एकदा आक्काला आणि स्वयंपाकातल्या बायांना दुकानात न्या. सोबत आपलं पातेलं न्या. त्या म्हणाल्या घ्या, तर घ्या, आम्ही डोक्यावर घेऊन येऊ. त्या म्हणाल्या नको, तर त्याच पैशात आणखी दोन बुटक्या शेगड्या, नव्या नळ्या आणि चार फळ्या येतील. दान तुमचंच राहील, नाव तुमचंच लागेल, आणि त्या शेगडीपाशी उभी राहणारी प्रत्येक बाई पंढरीला आपल्या पायानं पोचेल.

गेल्या शंभर वर्षांत या दिंडीनं विणा कधी खाली ठेवला नाही. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेला. चूलही कधी विझू दिली नाही. विणा कोणाकडं द्यायचा हे आपण किती विचारानं ठरवतो. शेगडी कोणती घ्यायची, हेही तेवढ्याच विचारानं ठरवा, आणि जिच्या हातात झारा आहे तिला विचारून ठरवा. माझं म्हणणं एवढंच.

आक्का आज समोर तिसऱ्या ओळीत बसली आहे. पायावर व्रण आहेत, पण 2022 पासून पुन्हा चालते आहे. यंदाही चालणार आहे. पाटोदा, खर्डा, परांडा, अरण, करकंब, सगळे मुक्काम. आणि मुक्कामाला पोचली, की आधी शेगडीखालची फळी हलवून बघणार आहे.

जास्त बोललो असेन तर माफ करा. पंगत तयार आहे, भात गरम आहे.

रामकृष्ण हरी.